येरवड्यात गांधी, शिवाजीनगरात पाद्री: १९३० सालचा एक पेच

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळले तेवढं नीट केलंय, बाकी बोलल्यासारखंच ठेवलंय.

सुरुवात माझ्या गावापासून, म्हणजे बीडपासून करते.

ऑक्टोबर २०२३ चा शेवट. मी घरी आले होते, लॅपटॉप घेऊन, वर्क फ्रॉम होम. मराठा आरक्षणाचं आंदोलन तेव्हा ऐन भरात होतं. ३० तारखेला माजलगावात आणि बीडमध्ये जाळपोळ झाली, लोकप्रतिनिधींची घरं पेटवली गेली. मग संचारबंदी लागली आणि इंटरनेटही बंद झालं. आता आरक्षणाच्या मागणीवर मला आज काही बोलायचं नाहीये, तो या भागाचा विषय नाही. आणि एक गोष्ट आधीच सांगते, २०१६ साली मी कॉलेजात असताना जे मूक मोर्चे निघाले ते मी डोळ्यांनी पाहिलेत. एवढी अफाट गर्दी, आणि ऐकू येत होता तो फक्त चपलांचा आवाज. त्यामुळे 'आंदोलन म्हणजे दंगा' असं मानणाऱ्यांतली मी नाही.

पण नेट जायच्या आधी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका जळत्या घराचा व्हिडिओ आला. खाली धडाधड अंगठे. माझ्या जवळच्या माणसांचे. मी टाइप केलं, 'हे काही बरोबर नाही.' मग ते खोडलं. पुन्हा टाइप केलं. पुन्हा खोडलं. तेवढ्यात नेट गेलं, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. आता बोलायची जबाबदारीच नाही ना!

ऑफिसचं काम बंद पडलं होतं. आजोबांच्या कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' काढलं आणि दोन दिवस तेच वाचत बसले. त्या पुस्तकाचं बोट धरून पुढे मी वाचत गेले आणि ज्या गोष्टीपाशी पोचले, ती आजची गोष्ट. गप्प बसण्याबद्दलची आहे. देश पेटलेला असताना श्रद्धावान माणसानं काय करायचं, असा प्रश्न १९३० साली पुण्यातल्या एका आश्रमासमोर उभा राहिला होता.

नगरमधून निघालेली वाट

'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना रेव्हरंड ना. वा. टिळक माहीतच आहेत. कोकणातला ब्राह्मण कवी, १८९५ साली ख्रिस्ती झाला. पुढचा बराचसा काळ अहमदनगरमध्ये गेला. नगर म्हणजे आपल्याला परकं नाही. आष्टी, पाटोदा, शिरूरची माणसं आजही दवाखान्याला आणि बाजाराला बीडपेक्षा नगरला जास्त जातात. त्या काळी मात्र मध्ये हद्द होती. नगर इंग्रजांच्या मुलखात, बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात.

टिळकांना एक गोष्ट सारखी टोचायची. येशूचा माणूस व्हायचं तर साहेबासारखं व्हायलाच पाहिजे का? त्यांनी ख्रिस्ताची भजनं लिहिली ती अभंगाच्या, ओवीच्या वळणानं. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, चर्चच्या चौकटीबाहेर, देशी पद्धतीनं भक्ती करणाऱ्यांसाठी. १९१९ साली ते गेले.

चार वर्षांनी, १९२३ मध्ये, त्यांचं इंग्रजी चरित्र आलं. लिहिणारा होता एक इंग्रज पाद्री, जॉन कॉप्ली विन्स्लो. हे विन्स्लो नगर भागात मिशनचं काम करत होते. टिळकांचा विचार त्यांच्या मनात इतका उतरला की १९२२ साली त्यांनी 'ख्रिस्त सेवा संघ' नावाचा आश्रम काढला होता. इंग्रज आणि हिंदी माणसं एकत्र राहणार, खादीचे पांढरे झगे घालणार, जमिनीवर मांडी घालून हातानं जेवणार. आज वाचताना आपल्याला वाटतं, त्यात काय एवढं? पण ज्या काळात साहेब आणि 'नेटिव्ह' एका डब्यात बसत नव्हते, त्या काळात हे साहेबलोकांच्या डोळ्यांत खुपणारं होतं.

पुढे संघाचा मुक्काम पुण्यात आला. भांबुर्डे, म्हणजे आजचं शिवाजीनगर.

१९२७ च्या शेवटी या आश्रमात एक पंचवीस वर्षांचा पोरगा दाखल झाला. व्हेरिअर एल्विन. वडील बिशप होते, आफ्रिकेत सिएरा लिओनला. तो लहान असतानाच वारले. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी आणि धर्मशास्त्र या दोन्हींत पहिला वर्ग. तिकडे राहिला असता तर चर्चमध्ये मोठ्या पदावर गेला असता, यात शंका नाही. तो आला पुण्याला. आणि १९२८ च्या जानेवारीत एका परिषदेसाठी साबरमतीला गेला, तिथे गांधींना भेटला. तिथून त्याची गाडी रुळ बदलून गेली.

मिठाचं वर्ष

आता १९३० कडे या. घटनाक्रम थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा पेच त्यातून येतो.

२ मार्चला गांधींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनला पत्र लिहिलं, की अमुक अन्याय दूर करा, नाहीतर मी मिठाचा कायदा मोडणार. हे पत्र घेऊन दिल्लीला गेला तो रेजिनाल्ड रेनॉल्ड्स हा तरुण इंग्रज, क्वेकर पंथाचा ख्रिस्ती. म्हणजे साम्राज्याला दिलेलं आव्हान साम्राज्याच्याच माणसाच्या हातून गेलं. आणि ज्याला ते दिलं तो आयर्विनही कसा? अतिशय धार्मिक. नियमित प्रार्थना करणारा, चर्चला जाणारा. पत्र नेणारा ख्रिस्ती, पत्र घेणारा ख्रिस्ती. दोघांचा देव एकच.

१२ मार्चला दांडीयात्रा निघाली. ६ एप्रिलला मीठ उचललं गेलं. ५ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधींना कराडीत अटक झाली आणि त्यांना आणलं कुठे, तर पुण्याला, येरवड्याला. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. नदीच्या अलीकडे शिवाजीनगरात खादीतले पाद्री रोज पहाटे प्रार्थनेला बसतायत, आणि नदीच्या पलीकडे येरवड्यात गांधी तेच करतायत.

महाराष्ट्रभर लोण पसरलं होतं. मुंबईत वडाळ्याची मिठागरं, कोकणात शिरोडा. जिथे समुद्र नाही तिथे जंगल सत्याग्रह, पुसदला लोकनायक अणे, रायगडात चिरनेर. २१ मेला गुजरातेत धारासण्याला सत्याग्रही रांगेनं पुढे जात होते आणि लाठ्या खाऊन पडत होते, हात वर न करता.

पण सगळीकडे असं झालं नाही, आणि हे लपवून चालणार नाही. आपल्या शेजारच्या सोलापुरात गांधींच्या अटकेनंतर वातावरण बिघडलं. ८ मेला गोळीबार झाला, मग जमावानं पोलीस चौकी जाळली, पोलीस मारले गेले. १२ मेला सोलापुरात मार्शल लॉ लागला. त्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिली. कुठे? येरवड्यातच. गांधी तेव्हा त्याच तुरुंगात होते.

पाद्र्यांचा वाद

चर्चचा प्रश्न इथे सुरू होतो. अँग्लिकन चर्च म्हणजे इंग्लंडच्या राजाचं चर्च. हिंदुस्थानातल्या त्याच्या बिशपांचं सरकारशी जुनं नातं. शिवाय पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं परदेशी मिशनऱ्यांकडून लिहून घ्यायला सुरुवात केली होती, की कायदेशीर सरकारच्या विरोधात आम्ही काही करणार नाही. अमेरिकन मिशनरी असेल तर त्याला ही हमी दिल्याशिवाय इथे काम करता येत नसे. १९३० साली मदुरेकडच्या केथान या अमेरिकन मिशनऱ्याला देश सोडावा लागला. गुन्हा काय, तर त्या रेनॉल्ड्सला घरी पाहुणा म्हणून ठेवून घेतलं.

पण नुसती भीती होती असं म्हटलं तर ते अर्धसत्य होईल. चर्चच्या बाजूनं खरा युक्तिवादही होता. रोमकरांस पत्रात पौल सांगतो की अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा. येशू स्वतः म्हणाला की कैसराचं कैसराला द्या. मग कायदा मोडणं ख्रिस्ती कसं? कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट, जे हिंदुस्थानातल्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख होते, त्यांची भूमिका हीच होती की कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही. आणि कोणी म्हणालं असतं, 'अहो पण ही चळवळ अहिंसक आहे,' तर समोरून सोलापूरचं नाव आलंच असतं. आज कायदा शांतपणे मोडायला शिकवाल, उद्या जमाव चौकी जाळेल, त्याचं काय?

मी बीडची आहे. हा आक्षेप मला हसण्यावारी नेता येत नाही. मी त्याचा धूर पाहिलाय.

एल्विननं या आक्षेपाला उत्तर द्यायचं ठरवलं. १९३० मध्येच 'क्राइस्ट अँड सत्याग्रह' ही त्याची पुस्तिका मुंबईत छापली गेली. ख्रिस्ती माणसाला या चळवळीच्या बाजूनं उभं राहता येतं, आणि तेही ख्रिस्ती परंपरेचाच आधार घेऊन, असं त्यानं मांडलं. म्हणजे तो चर्च सोडून बोलत नव्हता. चर्चचीच पोथी उघडून बोलत होता.

हा वाद मला जसा समजला तसा सांगते. 'आज्ञेत राहा' हे जसं बायबलात आहे, तसं 'माणसांपेक्षा देवाची आज्ञा मोठी' हेही आहे, प्रेषितांच्या कृत्यांमध्ये, आणि तेही अधिकाऱ्यांपुढे उभं राहून दिलेलं उत्तर म्हणून. डोंगरावरच्या प्रवचनात दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय. आता दुसरा गाल पुढे करणारा माणूस काय करतो बघा. तो मारत नाही. पळतही नाही. तिथेच उभा राहतो. पळून जाणं ही शांतता नाही हे ज्याला पटलं, त्याला धारासण्याची रांग ओळखीची वाटणारच.

आणि सोलापूरचं काय? माझ्या मते याचं उत्तर असं, की सत्याग्रही कायदा मोडतो तेव्हा तो शिक्षा चुकवत नाही. नाव सांगतो, तोंड दाखवतो, तुरुंगात जातो. चौकी जाळणारा तोंड झाकतो. दोघांनीही कायदा मोडला हे खरं, पण एक जण कायद्याच्या समोर उभा आहे आणि दुसरा त्याच्या पाठीमागून पळतोय. या दोन गोष्टी एकाच रांगेत बसवायच्या नाहीत. मात्र ज्यानं लोकांना रस्त्यावर बोलावलं त्यानं दुसऱ्याची जबाबदारी झटकायचीही नाही. चौरीचौरानंतर १९२२ साली गांधींनी अख्खी चळवळ थांबवली होती, ती याचसाठी.

विन्स्लोंची सहानुभूतीही स्वातंत्र्याच्या बाजूनं होती. १९३१ मध्ये दोघांनी मिळून 'द डॉन ऑफ इंडियन फ्रीडम' हे पुस्तक काढलं, आणि त्याला प्रस्तावना होती यॉर्कच्या आर्चबिशपची, विल्यम टेम्पल यांची. त्यामुळे 'चर्च विरुद्ध सत्याग्रह' असं सरळ चित्र नव्हतं. चर्चच्या आत चर्च भांडत होतं.

मणिभवनची गच्ची

१९३१ मध्ये एल्विन संघातून बाहेर पडला. सोबत होता शामराव हिवाळे, संघातलाच मराठी ख्रिस्ती तरुण. एल्विनचं नाव निदान मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतं. शामरावांचं नाव मराठी माणसालाही ठाऊक नाही, आणि ते पुढे आयुष्यभर त्या कामाचा अर्धा भार वाहत होते.

३ जानेवारी १९३२ ची रात्र. गोलमेज परिषदेहून गांधी रिकाम्या हातानं परतले होते. मुंबईत मणिभवनला मुक्काम. एल्विन आणि शामराव तिथे गच्चीवर झोपले होते. पहाटे तीनच्या सुमाराला पोलीस आले. तो सोमवार होता, गांधींच्या मौनाचा दिवस. त्यामुळे अटक होतानासुद्धा ते बोलले नाहीत, चिठ्ठ्या लिहून दिल्या. त्यातली एक एल्विनसाठी होती. मजकूर साधारण असा, की तुमच्या देशबांधवांना सांगा, माझं माझ्या लोकांवर जेवढं प्रेम आहे तेवढंच त्यांच्यावरही आहे, आणि मी त्यांच्याशी कधी द्वेषानं वागलो नाही.

मला इथे परत मूक मोर्चा आठवतो. तोंड बंद होतं, पण म्हणणं सगळ्यांना कळत होतं. आणि मी माझ्या मोबाइलवर जे केलं होतं, टाइप करून खोडलं होतं, त्यात तोंडही बंद होतं आणि म्हणणंही.

एल्विननं चिठ्ठी खिशात ठेवून दिली नाही. काही दिवसांतच तो वायव्य सरहद्द प्रांतात गेला. तिथे खुदाई खिदमतगारांवर, म्हणजे अब्दुल गफार खानांच्या अहिंसक पठाणांवर, काय जुलूम चाललाय याची माहिती गोळा केली. सरकारनं त्याला तिथून बाहेर काढलं. इंग्रजांच्या राज्यात, इंग्रज पाद्र्याला.

किंमत कोणी वसूल केली?

३० जानेवारी १९३२ ला एल्विन आणि शामराव मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला पोचले. गोंड आदिवासींमध्ये राहायचं, शाळा आणि दवाखाना चालवायचा असा बेत. ही दिशा त्यांना सरदार पटेल आणि जमनालाल बजाज यांच्याशी झालेल्या बोलण्यांतून मिळाली होती.

हा भाग नागपूरच्या बिशपच्या हद्दीत येत होता. बिशप अॅलेक्स वूड. पाद्री म्हणून काम करायचं तर बिशपचा परवाना लागतो. बिशप म्हणाले, आधी राजाशी निष्ठेची शपथ घ्या. एल्विन म्हणाला, ही शपथ मी घेऊ शकत नाही. परवाना मिळाला नाही.

याचा अर्थ काय, ते ख्रिस्ती नसलेल्या माझ्यासारख्या माणसाला पटकन कळत नाही. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर आयुष्यभर वारी केलेल्या माणसाला सांगितलं, की बाबा, तू देवळाच्या पायरीपर्यंत ये, आत यायचं नाही. प्रभुभोजनाचा विधी करणं हाच त्याच्या आयुष्याचा गाभा होता. तो सरकारनं काढून घेतला नाही. त्याच्याच चर्चनं काढून घेतला.

त्याच वर्षी तो इंग्लंडला गेला, आणि परत यायची वेळ आली तेव्हा पासपोर्टचा प्रश्न उभा राहिला. सरकारनं अट घातली, की लिहून द्या. काम गोंडांपुरतंच ठेवीन, राजकीय चळवळीत भाग घेणार नाही. यावर त्यानं सही केली.

हो, केली. इथे वाचताना मी थांबले होते. बिशपपुढे न झुकलेला माणूस या कागदावर सही करतो? आधी मला ते पटलं नाही. नंतर वाटलं, या दोन कागदांत फरक आहे. शपथेचा कागद त्याच्या मनावर हक्क सांगत होता: तू राजाला निष्ठावंत आहेस असं देवापुढे म्हण. दुसरा कागद त्याचे हात बांधत होता, पण तो काय मानतो हे विचारत नव्हता. आणि सही केली नसती तर शामराव एकटे करंजियात राहिले असते. तरी मी त्याला साफ निर्दोष म्हणणार नाही. त्या सहीनंतर एक धारदार आवाज चळवळीतून कमी झाला, हे खरंच आहे. पोस्टरवरच्या सत्याग्रह्यापेक्षा मला हा सही करणारा जास्त जवळचा वाटतो, एवढंच म्हणेन.

१९३५ मध्ये एल्विननं चर्चच सोडलं. पुढे तो आदिवासींचा अभ्यासक म्हणून जगप्रसिद्ध झाला, १९५४ मध्ये भारतीय नागरिक झाला, १९६१ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९६४ मध्ये गेला. त्याच्या नंतरच्या कामावर आणि खासगी आयुष्यावर टीकाही भरपूर झाली आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. पण तो वेगळ्या भागाचा विषय. शामरावांनी १९४६ मध्ये त्याचं चरित्र लिहिलं, 'स्कॉलर जिप्सी', आणि त्याच वर्षी परधान जमातीवरचं स्वतःचं पुस्तकही.

एकटा एल्विन नव्हे

हे एका गोऱ्या पाद्र्याचं कौतुक म्हणून सांगत नाहीये. त्याच वेळी तंजावरकडचे जे. सी. कुमारप्पा होते, पक्के ख्रिस्ती, चार्टर्ड अकाउंटंट. गांधी तुरुंगात असताना त्यांनी 'यंग इंडिया' सांभाळला, तुरुंगात गेले, आणि त्या वेस्टकॉट बिशपांना जाहीरपणे जाब विचारला. केरळचे एस. के. जॉर्ज कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात शिकवत होते. सत्याग्रहाच्या बाजूनं उभं राहण्यासाठी १९३२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. आणि मुंबईत माझगावचे जोसेफ बॅप्टिस्टा, लोकांचे 'काका', लोकमान्यांचे वकील, १९१६ च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष. वकिली करायच्या आधी ते पुण्याला इंजिनिअरिंग शिकले होते, हे वाचून आमच्या जमातीला बरं वाटलं! १९३० च्या सप्टेंबरात ते वारले.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. सरकारचा तुरुंग नंतर आला. आधी विचारणा झाली ती आपल्याच माणसांकडून. तीस वर्षांनी अमेरिकेत हेच झालं. एप्रिल १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे प्रसिद्ध पत्र लिहितात, ते कोणाला? गोऱ्या वंशद्वेष्ट्यांना नव्हे. 'ही वेळ योग्य नाही, जरा दमानं घ्या' असं सांगणाऱ्या आठ धर्मगुरूंना, म्हणजे आपल्याच पेशातल्या माणसांना.

आणि आपल्या मराठवाड्यात? स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते. अंबाजोगाईला योगेश्वरी नूतन विद्यालयात मुख्याध्यापक. संन्याशानं जपजाप्य करावं, शिक्षकानं शिकवावं, राजकारण कशाला, हे त्यांना म्हणणारेही असतीलच. ऑक्टोबर १९३८ मध्ये ते स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. भगवी छाटी असो की खादीचा झगा, प्रश्न तोच होता.

नेट परत आल्यावर

दोन-तीन दिवसांनी नेट आलं. ग्रुपवर पाचशे मेसेज. वाटलं, जाऊ दे, विषय शिळा झाला. तरी लिहिलं. मागणीला माझा विरोध नाही, पण घर जाळणं मला मान्य नाही, त्या घरातही बायकापोरं असतात, आणि आपल्याच मूक मोर्चांनी कमावलेलं नाव आपणच घालवतोय. एवढंच.

कोणी भांडलं नाही. कोणी उत्तरही दिलं नाही. संध्याकाळी मामाचा फोन आला. चहापाण्याचं विचारलं, नोकरीचं विचारलं, आणि ठेवता ठेवता म्हणाला, "तू आता लई पुण्याची झालीस बाई."

मी म्हणाले, "मामा, बीडची आहे म्हणूनच लिहिलं."

तो हसला. राग नव्हता त्याचा. पण पुढचे दोन महिने ग्रुपवर माझ्या कुठल्याच मेसेजला अंगठा आला नाही. एल्विनच्या आयुष्यापुढे ही किंमत म्हणजे काहीच नाही, हे मला कळतं, आणि दोन्ही एका तराजूत घालायचा माझा विचारही नाही. तरी जे पुस्तकात वाचलं होतं त्याची चव तेवढ्यात लागली. आपल्या माणसांच्या बाजूनं असतानाच आपल्या माणसांना 'हे नको' म्हणायचं असतं, आणि तिथे बोट लटपटतं.

शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आजही आहे, त्याच परंपरेतला. माझ्या ऑफिसच्या बसच्या वाटेवर नाही, पण एका रविवारी मुद्दाम त्या बाजूला जाऊन आले. शेजारी रस्ता, रिक्षांचे हॉर्न, मेट्रोचे खांब. नदीपलीकडे येरवडा. मध्ये पूल.

आजच्यापुरतं एवढंच. शामराव हिवाळ्यांबद्दल तुमच्या घरात, गावात काही आठवणी असतील तर मला जरूर कळवा. त्यांच्यावर एक अख्खा भाग करायचा आहे, आणि तो मराठीत कोणीतरी करायलाच हवा. भेटूया पुढच्या भागात.